चीनमध्ये शिकवायला जायचंय? जाहिरातीआधी पासपोर्ट वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी मला तीच जाहिरात येते, फक्त रंग बदललेला. ‘चीनमध्ये इंग्रजी शिक्षक पाहिजेत. महिना दोन लाख, राहणं फुकट, विमानाचं तिकीट आम्ही देऊ, अनुभवाची अट नाही.’ खाली पाठवणाऱ्याचा प्रश्न, ‘सर, हे खरं असतं का हो?’ मी पूर्व चीनमधल्या एका द्विभाषिक शाळेत काही काळ गणित शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

पगाराचा आकडा खरा असू शकतो. ‘इंग्रजी शिक्षक’ आणि ‘अनुभवाची अट नाही’ हे दोन तुकडे मात्र भारतीय पासपोर्टसमोर टिकत नाहीत. का टिकत नाहीत आणि मग आपल्यासारख्यांना खरं दार कोणतं, ते नीट सांगतो. त्यानंतर कागद, करार, व्हिसा, पगार आणि वर्ग.

अडचण नेमकी कुठे आहे

चीनने १ एप्रिल २०१७ पासून परदेशी कर्मचाऱ्यांची ए, बी आणि सी अशी वर्गवारी देशभर लागू केली. शिक्षक बहुतेक बी वर्गात येतात. वय साठच्या आत, किमान पदवी आणि संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव, ही या वर्गाची नेहमीची अट. भाषा शिकवणाऱ्यांसाठी याच नियमांत वेगळं कलम आहे. परकीय भाषेच्या शिक्षकाने ‘तत्त्वतः’ आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी, त्याच्याकडे पदवी असावी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी असेल, आपल्या देशाचा शिक्षक-परवाना असेल किंवा मान्य असलेलं आंतरराष्ट्रीय भाषाशिक्षणाचं प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट माफ होते.

माफ होते ती अनुभवाची अट. मातृभाषेची नाही. ‘१२० तासांचा टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स करा आणि चीनला जा’ म्हणणारे नेमकं हेच बोलायचं टाळतात. व्यवहारात इंग्रजी मातृभाषेचे देश म्हणून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका हीच नावं धरली जातात. तुम्ही बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकला असाल, आयईएल्ट्समध्ये आठ बँड असतील, तरी अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारत’ लिहिलं की प्रश्न सुरू होतो. ‘तत्त्वतः’ या शब्दामुळे अपवादाला जागा राहते. एखाद्या शहराचं कार्यालय इंग्रजी देशातली पदवी असलेल्याला परवानगी देतं, दुसरं देत नाही. त्या अपवादाच्या भरवशावर इथली नोकरी सोडू नका.

यात अपमान वाटून घेण्यासारखं आहे का? आहे थोडं. पण व्हिसा अधिकाऱ्याशी इंग्रजीच्या मालकीवर वाद घालून आजवर कुणाचा परवाना निघालेला नाही.

मग दार कोणतं

इंग्रजी शिकवायचं नाही, इंग्रजीतून शिकवायचं. चीनमध्ये केंब्रिजचे आयजीसीएसई आणि ए लेव्हल, आयबी किंवा अमेरिकी एपी अभ्यासक्रम चालवणाऱ्या भरपूर शाळा आहेत. काही सरकारी शाळांमध्येही ‘आंतरराष्ट्रीय विभाग’ असतो. तिथली मुलं परदेशी विद्यापीठांत जाणार असतात, त्यामुळे गणित, भौतिकशास्त्र, रसायन, अर्थशास्त्र, संगणक हे सगळं इंग्रजीत चालतं. विषयशिक्षकाला मातृभाषेचं कलम लागत नाही. त्याला लागते विषयाची पदवी आणि तोच विषय शिकवल्याचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. बी.एड. असेल तर बाजू भक्कम होते. बी.एस्सी., बी.एड. झालेला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीन वर्षं गणित शिकवलेला साताऱ्याचा मुलगा इथे एम.ए. इंग्रजीवाल्याच्या पुढे असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती.

एम.ए. इंग्रजीवाल्यांनी निराश होण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. तुमच्याकडे दुसरा एखादा विषय शिकवल्याचा अनुभव आहे का? आणि हिंदीवर प्रभुत्व आहे का? पेकिंग विद्यापीठासह चीनमधल्या काही विद्यापीठांत हिंदी शिकवतात आणि तिथे मातृभाषेचा तोच नियम भारतीयांच्या बाजूने उभा राहतो. जागा फार थोड्या असतात आणि पदव्युत्तर पदवी बहुधा हवीच.

एक वाट मात्र बंद झाली आहे, ती म्हणजे पुण्यात बसून चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याची. जुलै २०२१ मध्ये चीनने ‘दुहेरी ओझं कमी करा’ हे धोरण आणलं. शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंधनं आली आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घ्यायलाही मनाई झाली. त्या एका उन्हाळ्यात हा सगळा धंदा कोसळला. आजही अशी जाहिरात दिसली तर तिच्या मागे कायदेशीर काही नाही असंच समजा.

एजंट सांगतो त्या आडवाटा

त्या तीन आहेत. पहिली, ‘विद्यार्थी व्हिसावर चला, भाषेच्या कोर्सला नाव घालू आणि संध्याकाळी शिकवा.’ दुसरी, ‘आता बिझनेस व्हिसा काढू, तिथे गेल्यावर बदलून घेऊ.’ तिसरी जास्त चलाख. परवाना एका कंपनीच्या नावावर ‘सल्लागार’ म्हणून काढायचा आणि शिकवायचं भलत्याच बालवाडीत.

१ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या आगमन-निर्गमन कायद्यात तिन्ही बेकायदा आहेत. परवान्याशिवाय काम केलं किंवा परवान्यात लिहिलेल्या कामाबाहेर काम केलं, तर ५,००० ते २०,००० युआन दंड होतो. प्रकरण गंभीर ठरलं तर पाच ते पंधरा दिवस कोठडी. परत पाठवणी झाली की एक ते पाच वर्षं प्रवेशबंदी, आणि हद्दपारीचा शिक्का बसला तर दहा वर्षं. शाळेला दंड होतो तो माणशी १०,००० युआन. शाळा तो भरून मोकळी होते, तुमच्या पासपोर्टवरचा डाग मात्र पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात विचारला जातो.

माझ्या ओळखीचा एक मुलगा दुसऱ्या वाटेने गेला. पोलीस तपासणीला आले की शाळा त्याला मागच्या दाराने चहा प्यायला पाठवायची. चार महिने त्याने असा चहा प्यायला आणि शेवटचे दोन पगार सोडून परत आला. तक्रार करणार कुठे? तक्रार म्हणजे स्वतःचाच कबुलीजबाब.

कागद, आणि त्यातही नाव

शाळा शोधण्याआधी कागद काढायला घ्या, कारण आपल्याकडे जास्त वेळ तिथेच जातो.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र हवं, म्हणजे पदवीदान समारंभानंतरचं. तात्पुरतं प्रमाणपत्र चालत नाही. त्याचा रस्ता असा: विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी चिनी वकिलात. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी चीनचं वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. ‘आता सगळं ॲपॉस्टिलवर होतं’ असं कुणी सांगेल. ॲपॉस्टिल म्हणजे वकिलातीच्या शिक्क्याऐवजी करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का. चीन ॲपॉस्टिल करारात ७ नोव्हेंबर २०२३ पासून आहे हे खरं, पण तो करार दोन देशांपैकी कुणी आक्षेप घेतला असेल तर त्या दोघांमध्ये लागू होत नाही. म्हणून आपला भारतीय कागद कोणत्या शिक्क्यावर घेतला जाईल, हे शाळेने तिथल्या परवाना कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं आणि तुम्ही मुंबईतल्या दूतावासात विचारावं. एजन्सीला पैसे त्यानंतर.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, शुल्क ५०० रुपये. ते सगळ्यात शेवटी काढा, कारण सहा महिन्यांहून जुनं झालं की नव्याने काढायला सांगतात. तेही पुढे परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलातीतून जातं.

अनुभवपत्रात आपली माणसं सर्वांत जास्त अडकतात. पत्र शाळेच्या लेटरहेडवर हवं. त्यात पद, विषय, इयत्ता, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, ‘पूर्णवेळ’ हा शब्द, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, फोन आणि ईमेल हे सगळं हवं, कारण तिथून खरोखर फोन येऊ शकतो. पदवी मिळण्याआधीचा अनुभव धरत नाहीत. तासिका तत्त्वावर काम केलेल्यांच्या पत्रात तसा उल्लेख असतो आणि तो पूर्णवेळ मानला जाईलच असं नाही. खासगी क्लासमध्ये पाच वर्षं शिकवून हातात साधं नेमणूकपत्रही नसलेले शिक्षक आपल्याकडे ढिगाने आहेत. तुम्ही त्यातले असाल तर आधी दोन वर्षं एखाद्या नोंदणीकृत शाळेत काढा. खोटं पत्र बनवून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता नाव. पदवीवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत. अनुभवपत्रावर नुसती आद्याक्षरं. आपल्याला हे रोजचं आहे, पण शांघायच्या खिडकीमागे बसलेल्या मुलीला ही तीन माणसं वाटतात. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचा गुंता तर याहून मोठा. राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र साक्षांकित करून बरोबर ठेवा. अनुभवपत्र मात्र मागून घेतानाच पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर लिहून घ्या, तेवढं आपल्या हातात असतं.

शोध आणि मुलाखत

चिनी शाळेचं वर्ष १ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं. ऑगस्टमधल्या जागांसाठी भरती साधारण जानेवारी ते मे चालते, मध्ये वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीत सगळं थंडावतं. शाळांच्या संकेतस्थळांवर थेट अर्ज करा. एजंटमार्फत गेलात तर एक नियम पाळा. चांगल्या भरती संस्था पैसे शाळेकडून घेतात, शिक्षकाकडून नाही. ‘नोंदणी शुल्क’ मागितलं की फोन ठेवा.

मुलाखत व्हिडिओवर होते. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ आपले साडेसहा. नंतर पंधरा-वीस मिनिटांचा नमुना पाठ मागतात. तिथे फळ्यावर सुंदर सिद्धता लिहून दाखवण्यापेक्षा मुलांना बोलतं कसं कराल ते दाखवा. माझ्या पाठानंतर मुख्याध्यापिकेने गणिताबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ‘मुलगा गप्प बसला तर तुम्ही किती सेकंद थांबता?’ एवढंच विचारलं.

तुम्हीही प्रश्न विचारा. आठवड्याला किती तासिका, शाळेत किती वाजेपर्यंत थांबायचं, संध्याकाळच्या अभ्यासिकेला बसावं लागतं का, आणि याआधी भारतीय पासपोर्टवर परवाना काढला आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर सावध व्हा.

करार

करार चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतो आणि वाद झाला की सहसा चिनी मजकूर धरतात. म्हणून सहीआधी चिनी भाग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, निदान पगार, तास, मुदत आणि दंडाची कलमं तरी. लाल गोल शिक्का नसलेल्या कागदाला तिथे किंमत नाही, नुसत्या सहीवर समाधान मानू नका. शिक्क्यातलं संस्थेचं चिनी नाव, करारातलं नाव आणि पुढे येणाऱ्या परवाना-सूचनापत्रातलं नाव, तिन्ही समोर ठेवून एकेक चित्राक्षर जुळवा. चिनी येत नसलं तरी हे जमतं. लहानपणी ‘दोन चित्रांतला फरक ओळखा’ खेळलो, तसंच.

कामगार करार कायद्यातली काही कलमं तोंडपाठ ठेवा. एक वर्ष ते तीन वर्षांच्या आतला करार असेल तर परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, जास्तीत जास्त दोन महिने, आणि त्या काळातला पगार ठरल्याच्या ऐंशी टक्क्यांहून कमी नाही. मालकाला तुमचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही, अनामतही मागता येत नाही. नोकरी सोडायची तर तीस दिवस आधी लेखी कळवायचं, परिविक्षेत तीन दिवस. ‘मध्येच सोडल्यास ५०,००० युआन दंड’ असं कलम दिसलं तर ते काढायला सांगा. कायद्याने कर्मचाऱ्यावर अशी भरपाई फक्त शाळेने खर्च केलेल्या खास प्रशिक्षणासाठी किंवा स्पर्धाबंदीच्या (प्रतिस्पर्धी संस्थेत न जाण्याच्या) करारासाठी लावता येते.

व्हिसा ते निवास परवाना

शाळा ऑनलाइन अर्ज करून परवान्याचं सूचनापत्र काढते. ते हातात आलं की चिनी व्हिसा केंद्रात झेड, म्हणजे नोकरीच्या, व्हिसाचा अर्ज करायचा. त्यावर मुक्कामाच्या दिवसांच्या जागी ‘०००’ छापलेलं असतं. घाबरू नका, याचा अर्थ उतरल्यावर तीस दिवसांत निवास परवाना काढायचा. जोडीदार आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना एस-१ व्हिसा मिळतो. विवाह आणि जन्म प्रमाणपत्रं त्याच साक्षांकनाच्या फेऱ्यातून न्यावी लागतात, आणि त्या व्हिसावर जोडीदाराला नोकरी करता येत नाही.

२०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझोउ मार्गाने पुन्हा सुरू झाली. मुंबईहून निघणाऱ्यांनी सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गेही भाडं पाहावं.

उतरल्यावरचा क्रम असा. चोवीस तासांत पोलीस नोंदणी, हॉटेलात असाल तर हॉटेल करतं, घरात असाल तर तुम्हालाच करावी लागते. घर बदललं की पुन्हा. मग चिनी सिम. मग सरकारी केंद्रात उपाशीपोटी वैद्यकीय तपासणी: रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. पंधरा दिवसांत कामाच्या परवान्याचा अर्ज, त्यानंतर निवास परवाना. त्यासाठी पासपोर्ट काही दिवस पोलिसांकडे राहतो आणि तुमच्याकडे पावती. तेवढे दिवस देशाबाहेर जाता येत नाही. हे सगळं शाळेचा माणूस बरोबर येऊन करून देतो. तो आला नाही तर शाळेबद्दल तुम्हाला पहिल्याच आठवड्यात बरंच कळलं.

पगाराचा हिशेब

जाहिरातीतला आकडा करापूर्वीचा असतो. महिना २०,००० युआन धरू. एका युआनला ढोबळ १२ रुपये धरले तर दोन लाख चाळीस हजार. कर मोजताना महिन्याला ५,००० युआन सूट मिळते आणि उरलेल्या रकमेची जानेवारीपासून बेरीज करत नेतात; बेरीज वाढेल तसा कराचा दर चढतो. त्यामुळे पगार तोच असून हातात येणारी रक्कम वर्षभर घसरत जाते. जानेवारी-फेब्रुवारीत कर फक्त ४५०, मार्चमध्ये १,०८०, एप्रिल ते सप्टेंबर १,५००, ऑक्टोबरमध्ये २,१००, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ३,०००. वर्षाची बेरीज १९,०८०. हे माहीत नसलेले डिसेंबरमध्ये हिशेबनिसाशी भांडायला जातात. मी गेलो होतो. ऑगस्टमध्ये रुजू झालात तर पहिल्या कॅलेंडर वर्षात १८३ दिवस भरत नाहीत, म्हणून तेव्हा अनिवासी पद्धत लागते आणि याच पगारावर महिन्याला सरसकट १,५९० युआन कापतात.

यावर सामाजिक विम्याची कपात होऊ शकते, त्यात निवृत्तिवेतनाचा तुमचा वाटा ८ टक्के आणि वैद्यकीयचा २ टक्के. देश कायमचा सोडताना निवृत्तिवेतनाच्या वैयक्तिक खात्यातली रक्कम काढता येते, तेव्हा पावत्या जपा. घरभाड्याचा भत्ता करमुक्त मिळू शकतो, पण घरमालकाने ‘फापियाओ’ म्हणजे सरकारी कर-पावती दिली तरच. शाळेने घर दिलं नाही तर सुरुवातीला एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम मोजावं लागतं. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागतो. घरून निघताना एवढी तजवीज हवीच.

पैसे भारतात पाठवायला बँक करार, परवाना आणि कर भरल्याचा दाखला मागते. करदाखला दर वर्षी काढून ठेवा. आपल्या बाजूने, नोकरीसाठी देश सोडलेला माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी ठरतो. ऑगस्टमध्ये निघणारे यात बसतात. इथल्या बचत खात्याचं रूपांतर एनआरओमध्ये करा आणि तिथून येणाऱ्या पैशांसाठी एनआरई खातं उघडा.

वर्गात

चिनी मुलांना गणित येतं. आकडेमोडीत ती तुमच्या पुढे असतील. त्यांना येत नाही ते गणिताचं इंग्रजी, आणि तुमची नेमणूक खरी त्यासाठी आहे. ‘अच्या तिपटीपेक्षा ब पाचने कमी’ हे वाक्य समीकरणात उतरवताना वर्ग गळपटतो. मी रोज पहिली सात मिनिटं फक्त वाक्यं वाचून घ्यायचो, उत्तर काढायला बंदी.

मोठ्या संख्यांची तर धमालच. चिनी भाषेत हजारानंतरचं एकक ‘वान’, म्हणजे दहा हजार. त्यांचं लाख म्हणजे दहा वान, दशलक्ष म्हणजे शंभर वान. मी मनात लाखात मोजायचो, मुलं वानमध्ये आणि पुस्तक मिलियनमध्ये. लोकसंख्येच्या एका उदाहरणात तिघांची तीन उत्तरं आली आणि फळ्यावर माझं चुकलं होतं. मुलांशी मैत्री त्या दिवशी झाली.

मुलं हात वर करत नाहीत. चुकण्याची लाज मोठी असते. आधी दोघा-दोघांत बोलायला लावा, मग एकाने दुसऱ्याचं उत्तर सांगायचं, म्हणजे चूक कुणा एकाची राहत नाही. दुपारी जेवणानंतर अख्खा वर्ग बाकावर डोकं ठेवून झोपतो. ती झोप अधिकृत आहे, ती मोडून जादा तास घेऊ नका. वर्गशिक्षिकेशी सूर जुळवा. पालक आधी तिच्याशी बोलतात, तुमच्याशी नाही. हाक मारायची पद्धत मात्र घरच्यासारखी: आडनाव आणि पुढे ‘लाओशी’. आपले ‘पाटील सर’ तसे त्यांचे ‘वांग लाओशी’.

सीमा, तिबेट, तैवान, शिनजियांग हे विषय वर्गात काढू नका, विचारलं तरी. भारताचा नकाशा छापलेली डायरी किंवा ॲटलस बॅगेत नको, सीमा त्यांच्या नकाशाशी जुळत नाहीत आणि कस्टम्समध्ये अडकतं. गप्पांना सुरुवात करायची असेल तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्या. १९३८ मध्ये ते डॉक्टर म्हणून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले आणि शीजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. चिनी लोक त्यांना ‘के दिहुआ’ म्हणतात. मराठी उच्चार कुणाला कळणार नाही, हे नाव वयस्क शिक्षकांना लगेच कळतं.

आईला फोन कसा करायचा

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब तिथे बंद. तिथलं मेसेजिंग ॲप वीचॅट जून २०२० पासून भारतात बंद. म्हणजे तुमचं तिथे चालतं ते घरी चालत नाही, आणि घरचं तिथे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू ठेवा, त्या डेटावर व्हॉट्सॲप चालतं, आणि बँकेचे ओटीपीही त्याच सिमवर येतात. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम लागतो. व्हीपीएन अनेक जण वापरतात, पण सरकारी मान्यता नसलेलं व्हीपीएन तिथे कायद्यात बसत नाही, हे ठाऊक असू द्या. जीमेलमधले सगळे कागद निघण्याआधी फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर उतरवा. रोख आणि यूपीआय दोन्ही विसरा. तिथे पैसे द्यायचं ॲप म्हणजे अलिपे, त्याला आपलं आंतरराष्ट्रीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं.

शाकाहाऱ्यांनी ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे शिकून जावं. तरी भाजीत डुकराची चरबी आणि ऑयस्टर सॉस निघतो, म्हणून पहिल्या महिन्यात राइस कुकर घ्या. तांदूळ, टोमॅटो, बटाटे, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळीकडे मिळते. मसाले आणि डाळी नेटवरून मागवता येतात, कारण केचियाओ, यीवू आणि ग्वांगझोउमध्ये भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे. गोडा मसाला मात्र बरोबरच न्या. दूध-तुपाचे पदार्थ, ताजी फळं आणि बियाणं कस्टम्स काढून घेतं, आणि खसखस चुकूनही नको.

सोडताना

नोकरी संपली की शाळेकडून सेवासमाप्तीचा दाखला शिक्क्यासह घ्या. तो दिल्याशिवाय परवाना दुसऱ्या शाळेकडे जात नाही आणि कायद्याने तो देणं शाळेला बंधनकारक आहे. स्थानिक पोलिसांकडून गुन्हा नसल्याचा दाखला काढून तो तिथल्या नोटरी कार्यालयात प्रमाणित करून घ्या, निवास परवाना जिवंत असतानाच. पुढे दुबईला किंवा सिंगापूरला गेलात तर हाच कागद मागतील, आणि तो इथे बसून मिळवायचा म्हणजे तिकडच्या मित्राला मुखत्यारपत्र पाठवा, त्याचं साक्षांकन करा, मग वाट पाहा. मला त्याला पाच महिने लागले.